जुन्या लक्झरी गाडीची सीट: आधी सांगाडा, मग कातडं

ठाण्यात किंवा वाशीत वीस वर्षांपुढची मर्सिडीज, बीएमडब्ल्यू उघडून बघा. इंजिन ठणठणीत, दारं अजूनही जड आवाजात बंद होतात, मागची सीट जवळजवळ नवी, आणि ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड फाटून पिवळा फोम बाहेर आलेला. आपल्याकडे या गाड्या बहुतेक पगारी ड्रायव्हरच्या हातात वाढल्या. साहेब मागे डावीकडे बसणार आणि ड्रायव्हर दिवसातून वीसदा चढणार-उतरणार. दर वेळी खिशातल्या किल्ल्या, पट्टा आणि अख्खं वजन त्या उजव्या कडेवरून घासत जातं. शेजारची डावी सीट मात्र कोरी राहते.

म्हणून 'सीट बदलायच्या आहेत' असं ठरवून बाजारात निघण्याआधी मेलंय काय ते शोधा. सीट म्हणजे एक वस्तू नव्हे. वर कव्हर, त्याखाली फोम किंवा गादी, त्याखाली स्प्रिंग, मग लोखंडी सांगाडा आणि रेल, म्हणजे सीट जिच्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी, आणि या सगळ्यात गुंफलेल्या मोटरी, वायरी, सेन्सर. कव्हर आणि फोम इथला कुठलाही चांगला कारागीर नवा करून देतो. सांगाडा, रेल आणि मोटर तो करून देऊ शकत नाही. वापरलेली सीट घ्यायची ती या दुसऱ्या गटासाठी. कातडं चकाचक आणि रेल ढिली अशी सीट घेण्यापेक्षा कातडं चिंध्या झालेलं पण सांगाडा घट्ट असलेली सीट शंभर पटीने बरी, आणि ती स्वस्तही मिळते.

मेलंय काय, ते कसं कळतं

दोन्ही पुढच्या सीट एकाच उंचीवर आणि एकाच जागी आणा. रेलपासून बैठकीच्या मध्यापर्यंतची उंची पट्टीने मोजा, आधी रिकामी आणि मग दोन्ही तळहातांनी दाब देऊन. डाव्या-उजव्यात २० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दोष कातड्यात नाही, खाली आहे. मग टॉर्च घेऊन सीटखाली वाका. कार्पेटवर पिवळसर भुगा दिसला तर फोम विटला. तपकिरी काथ्याचा चुरा दिसला तर गाडी बहुधा जुनी मर्सिडीज आहे, त्याबद्दल पुढे. दाबल्यावर 'टक्क' आवाज येऊन एखादी तार टोचली तर स्प्रिंग तुटली आहे.

आता हेडरेस्टच्या खाली पाठीचा वरचा भाग धरून पुढे-मागे हलवा. किंचित ढिलाई चालते. वरचं टोक बोटभर हलत असेल तर रिक्लायनर, म्हणजे पाठ झुकवणारा सांधा, झिजला, आणि तो दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, सांगाडाच बदलावा. ब्रेक मारताना सीट 'टक' करून सरकल्यासारखी वाटते का तेही बघा. कधी ते नुसतं बोल्ट सैल झाल्याचं लक्षण असतं, कधी रेलमधल्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या झिजलेल्या असतात. बोल्ट आवळून आवाज गेला नाही तर रेल संपली.

पाठ एका बाजूला पिळवटलेली दिसली तर लगेच सीट टाकून देऊ नका. बीएमडब्ल्यूच्या ई३८ आणि ई३९ मॉडेलमध्ये हा प्रसिद्ध रोग आहे. एकच मोटर एका बाजूचा गिअरबॉक्स थेट फिरवते आणि दुसऱ्या बाजूचा एका लवचिक केबलने. कालांतराने केबलचं आतलं टोक गिअरबॉक्सच्या तोंडातून निसटतं, एक बाजू फिरते, दुसरी जागच्या जागी राहते आणि सीट पिळते. केबल काढून बाहेरचं प्लास्टिकचं आवरण थोडंसं छाटलं की आतलं टोक पुन्हा पुरेसं बाहेर येतं आणि गिअरमध्ये बसतं. बसवण्याआधी दोन्ही बाजू हाताने फिरवून समान पातळीवर आणाव्या लागतात, नाहीतर पीळ तसाच कायम होतो. या कामाला दुपार लागते, नवी सीट लागत नाही.

काथ्याच्या गादीची मर्सिडीज

पुण्यात १९९५ पासून जुळवलेली डब्ल्यू१२४ ही या भागातल्या जुन्या मर्सिडीजमधली मानाची गाडी. तिच्या पुढच्या सीटमध्ये आजच्यासारखा साच्यातला फोमचा एकच ठोकळा नसतो. खाली गुंडाळी स्प्रिंगांचा पिंजरा, त्यावर रबर चढवलेल्या तंतूंची गादी आणि वर पातळ थर. ही गादी हवा खेळती ठेवते, म्हणून लांबच्या प्रवासात पाठ भिजत नाही. पण ती कोरडी पडली की तंतू सुटतात, कड ढासळते, आणि मग स्प्रिंगची तार थेट कव्हर कापू लागते.

कारागीर इथे हमखास एक गोष्ट सुचवतो: 'सगळं काढून फोम भरतो साहेब, मऊ होईल.' मऊ होते, पण बसण्याची उंची बदलते, स्प्रिंगवर भार विषम पडतो आणि दोन उन्हाळ्यांत खड्डा पडतो. या सीटला काथ्याच द्यावा. रबर चढवलेला काथ्या म्हणजे आपल्याकडच्या गाद्यांचाच माल, आणि त्याच्या शीट गाद्यांच्या कारखानदारांकडे मिळतात. शीट कापून थरावर थर चिकटवून कडेचा आकार बनवता येतो. वर १० ते १२ मिलिमीटरचा मऊ फोम आणि तार व काथ्याच्या मध्ये जाड कापड, मग कव्हर. तुटलेली स्प्रिंग मात्र वेल्ड करू नका. उष्णतेने पोलाद मऊ पडतं आणि वेल्डच्या शेजारीच ती पुन्हा तुटते. दुसऱ्या सीटचा पिंजरा मिळवा.

नवीन गाड्यांच्या साच्यातल्या फोमचं गणित वेगळं. अख्खा ठोकळा बदलायची गरज क्वचितच असते, खराब होते ती उजवी कड. तेवढाच भाग सरळ रेषेत कापून काढायचा आणि ४० ते ५० डेन्सिटीच्या हाय रेझिलियन्स फोमचा तुकडा चिकटवून घासून आकार द्यायचा. सोफ्याचा २८-३२ डेन्सिटीचा फोम दुकानात हाताला छान लागतो, गाडीत महिन्याभरात दबून जातो. उलट टोकाचा रिबाँडेड फोम, म्हणजे चुरा दाबून केलेला रंगीबेरंगी ठोकळा, दगडासारखा कडक राहतो. तो खालच्या आधाराला ठीक, वर अजिबात नको. चिकटवायला लाकडाचा पांढरा डिंक नव्हे, उष्णता सोसणारं रबरी काँटॅक्ट अ‍ॅढेसिव्ह हवं. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांवर जातं, त्यात साधा गोंद सुटतो.

वापरलेली सीट घेताना

ठाणे-नवी मुंबईकराची पायरी शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला लागते. तिथे जाताना सोबत बारा व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी, दोन जाड वायरी, चिमटे, टॉर्च आणि पट्टी न्या. 'चालू आहे, गॅरंटी' हे वाक्य ऐकायचं आणि बॅटरी लावायची. प्रत्येक मोटर दोन्ही दिशांना टोकापर्यंत जायला हवी. अर्ध्यावर आवाज जड होत असेल तर रेल वाकलेली किंवा गंजलेली आहे. वायरी लावताना फक्त मोटरच्या जाड वायरींना हात लावा. पिवळ्या कनेक्टरला बॅटरी तर सोडाच, मल्टिमीटरही लावायचा नाही. तो एअरबॅगचा किंवा बेल्ट खेचणाऱ्या प्रीटेन्शनरचा असतो आणि त्यात स्फोटक असतं.

मग पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांतही गाड्या बुडतच राहिल्या. अशा गाड्यांच्या सीट धुऊन, पॉलिश मारून बाजारात येतात. वरून काही कळत नाही. सीट उलटी करा. रेलच्या खाचेत बारीक राखाडी गाळ, स्प्रिंगवर सगळीकडे सारखा गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, फोमला नाक लावल्यावर कुबट वास, यांतलं एक जरी आढळलं तरी पुढच्या दुकानात चला. बकल सीटसोबत असेल तर त्यात बेल्ट घालून पाहा. गाळ गेलेलं बकल कचकचतं.

आता उजवं-डावं. परदेशातून आलेल्या किंवा अमेरिकी-जर्मन साइटवर दिसणाऱ्या सीट बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या गाडीच्या असतात. तिथली ड्रायव्हरची सीट आपल्या गाडीत डावीकडे जाते, म्हणजे प्रवाशाच्या जागी. म्हणून 'ड्रायव्हर सीट, मेमरीसकट' (मेमरी म्हणजे सीटची ठरवलेली जागा लक्षात ठेवण्याची सोय) वाचून हुरळू नका. पण याच गोंधळात एक सोय दडलेली आहे. त्यांच्याकडची उजवी सीट म्हणजे प्रवाशाची, म्हणजे कमी वापरलेली. सांगाडा, कड आणि बाहेरच्या बाजूची बटणं आपल्या ड्रायव्हर सीटला जुळतात. तिच्यात मेमरी नसेल आणि प्रवासी बसल्याचं ओळखणारी सेन्सरची चटई असेल, तेवढा फरक. जपानी बाजारातल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सीट उजव्या स्टिअरिंगच्याच असतील असं समजू नका. तिथे जुन्या युरोपीय गाड्या डाव्या स्टिअरिंगच्याही विकल्या गेल्या आहेत. फोटोत बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघा.

न्हावा शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे म्हणून वापरलेली सीट थेट मागवायचा मोह होतो. परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रं वगळता इतर वापरलेला माल प्रतिबंधित गटात येतो, त्याला परवाना लागतो. आधी कस्टम्स एजंटला विचारा, मग पैसे भरा. नवा फोम, नवी बटणं, नवी प्लास्टिकची झाकणं मागवण्यात ही अडचण नाही आणि जुन्या सांगाड्याला तेवढंच लागतं.

एकाच मॉडेलच्या सीटही सरसकट अदलाबदल होत नाहीत. दोन दारांच्या कूपेची सीट चार दारांच्या गाडीत बसली तरी पाठ पुढे झुकवण्याची यंत्रणा जास्तीची असते, तिच्या वायरी लोंबकळत राहतात. फेसलिफ्टच्या, म्हणजे कंपनीने मॉडेलचं रूप मध्येच थोडं बदललं त्याच्या, आधीची आणि नंतरची सीट दिसायला तीच, कनेक्टर वेगळा. म्हणून जुन्या सीटचा कनेक्टर काढून त्याचा सरळ वरून फोटो घ्या, पिना मोजा, वायरींचे रंग टिपा आणि दुकानात फोनवर शेजारी धरून ताडा. मर्सिडीजच्या डेटा कार्डवर, म्हणजे कारखान्याच्या तपशिलाच्या कार्डावर, आतल्या कापडाचा तीन आकडी कोड असतो. त्या काळच्या गाड्यांत पहिला आकडा ० म्हणजे कापड, १ म्हणजे एमबी-टेक्स (मर्सिडीजचं रेक्झिन), २ म्हणजे कातडं. पुढचे दोन आकडे रंग सांगतात. दुकानदार 'सेम टू सेम' म्हणत असेल तेव्हा हा कोड कामाला येतो.

एअरबॅग, बकल आणि तो दिवा

काही गाड्यांत पुढची साइड एअरबॅग दारात असते. बीएमडब्ल्यू ई४६ आणि मर्सिडीज डब्ल्यू२१० या त्यातल्या. अशा गाड्यांत सीट बदलणं सोपं. इतर अनेकांत ती सीटच्या पाठीत बाहेरच्या कडेला असते आणि तिथे शिवणीत छोटी पट्टी असते. अशी सीट घ्यायची तर एअरबॅगसकट, न फुटलेली, त्याच मॉडेलची. तिचं कव्हर शिवायचं असेल तर एअरबॅगच्या बाजूचा भाग मूळचाच ठेवा. त्या शिवणीचा धागा ठरावीक ताणाला तुटण्यासाठी निवडलेला असतो. मजबूत नायलॉनने ती शिवण पक्की केली की एअरबॅग चुकीच्या बाजूला फुगते किंवा उशिरा फुगते. याच कारणाने अशा सीटवर बाजारातलं ओढून घालायचं कव्हर चढवू नये.

बऱ्याच युरोपीय गाड्यांत बेल्टचं बकल आणि त्याचा प्रीटेन्शनर सीटच्या सांगाड्यालाच जोडलेला असतो. याचा अर्थ धडकेत बेल्टचा भार सीटच्या बोल्टवर येतो. ७५ किलोचा माणूस आणि २० जी मंदन, म्हणजे वजनाच्या वीसपट जोर, धरलं तरी तो दीड टन होतो. म्हणून दुसऱ्याच गाडीची सीट पट्ट्या वेल्ड करून बसवून देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. चार छिद्रं जुळली तरी फरशीचा उतार, मधल्या उंचवट्याची उंची आणि बसण्याची पातळी जुळत नाही. बैठक इंचभर वर आली तरी सनरूफच्या गाडीत डोकं छताला लागतं. बकल आणि प्रीटेन्शनर शक्यतो आपल्याच गाडीचे काढून नव्या सांगाड्यावर लावा. कुठून आलेत ते माहीत नसलेले वापरू नका.

प्रवाशाच्या सीटमधली सेन्सरची चटई हा ठरलेला रोग. आतला पातळ पट्टा गुडघ्याच्या भाराने चिरतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. सामान ठेवून त्यावर गुडघा टेकवला की हे नक्की होतं. चटई बदलता येते, ती कव्हर आणि फोमच्या मध्ये असते, म्हणून कव्हर उतरवलं असेल तेव्हाच हे काम उरका. दिवा घालवण्यासाठी एअरबॅगच्याच कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर खुपसणारे इलेक्ट्रिशियन सगळीकडे भेटतात. त्याने दिवा जातो आणि एअरबॅग नसलेली गाडी स्वतःला धडधाकट समजू लागते. विकत घेतलेल्या जुन्या गाडीत दिवा किल्ली फिरवताना लागून काही सेकंदांत विझतो का, की लागतच नाही, हे बघावं.

साध्या सीटच्या गाडीत मोटरची सीट बसवायची असेल तर फ्यूजबॉक्सपासून स्वतंत्र वायर ओढा: किमान ४ चौरस मिलिमीटर, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या बाजूला. सिगारेट लायटरची वायर तोडून त्यात जोडणं म्हणजे जळक्या वासाची वाट बघणं. मेमरीच्या सीटना कंट्रोल मॉड्यूल असतं, ते गाडीच्या संगणकाशी बोलतं. बीएमडब्ल्यू ई६० किंवा मर्सिडीज डब्ल्यू२११ च्या पिढीत स्कॅनरने कोडिंग किंवा टोकाच्या जागा शिकवणं लागतं. आपल्याकडे मेमरीचा उपयोग नवरा-बायको गाडी आलटून पालटून चालवत असतील तरच. नसेल तर मेमरी नसलेली सीट घ्या, डोकेदुखी कमी. गरम होणारी सीट मात्र घेतली तरी तिचा फ्यूज काढून ठेवा. ठाण्यात तिचा उपयोग शून्य, आणि आतली तार तुटलेली असेल तर एका ठिकाणी तापून कातडं आणि माणूस दोन्ही भाजू शकते.

कातडं, रेक्झिन आणि खाडीची हवा

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात 'नापा लेदर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक कातडं नसतंच. काही हजारांत पाच सीटचं खरं कातडं येणं शक्य नाही, साधा हिशोब आहे. पुढच्या दोन सीटना कापताना वाया जाणारं धरून ८० ते १०० चौरस फूट चामडं लागतं आणि सगळ्या सेडानला दोनशेच्या आसपास. कडा, पोटाकडचा ढिला भाग, जखमांच्या खुणा यात पाव हिस्सा सहज जातो. चौरस फुटाचा भाव विचारून गुणाकार करा, खरं-खोटं तिथेच कळतं.

धारावीत चामडं उत्तम मिळतं, पण ते मुख्यतः बॅगा, जॅकेट आणि पाकिटांचं. जॅकेटचं ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं चामडं सीटवर ताणलं की शिवणीपाशी फाटतं. गाडीला १ ते १.२ मिलिमीटरचं, वरून रंगाचा संरक्षक थर दिलेलं हवं. रंगाचा थर नसलेलं मऊ चामडं हाताला स्वर्गीय लागतं आणि पहिल्याच पावसाळ्यात घामाचे, पाण्याचे डाग धरतं. तुकडा घडी घालून जोरात चिमटा. घडीवर रंग पांढरा पडून चिरला तर थर ठिसूळ आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने वीस-पंचवीस वेळा घासा. फडक्यावर रंग आला तर तो पुढे शर्टावर येणार.

आता एक मत, जे चामड्याच्या भक्तांना आवडणार नाही. या हवेत, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला, चांगल्या प्रतीचं पीव्हीसी रेक्झिन हे सर्वांत शहाणपणाचं कव्हर आहे. मर्सिडीजचं मूळ एमबी-टेक्स म्हणजे तेच, आणि तीस वर्षांच्या गाड्यांत ते अजून अखंड दिसतं. पीव्हीसी उष्णतेने हळूहळू कडक होतं, पण दमट हवेचं त्याला काही वाटत नाही. 'पीयू लेदर' दिसायला आणि स्पर्शाला जास्त खरं, पण स्वस्त पॉलिएस्टर-आधारित पीयू दमट हवेत रासायनिकदृष्ट्या तुटत जातं आणि तीन-पाच वर्षांत खपल्या पडून शर्टाला काळे कण चिकटू लागतात. घरातला सोफा असा सोलला गेलेला अनेकांनी पाहिला असेल, कारण तेच. ऐरोली, कोपरी, वाशी या खाडीकाठच्या भागात हे जरा लवकरच होतं. पीयूच घ्यायचं तर हायड्रोलिसिसला, म्हणजे ओलाव्याने तुटण्याला, टिकणारं, पॉलिकार्बोनेट प्रकारचं मागा आणि विक्रेत्याकडून लेखी घ्या. लेखी म्हटल्यावर बरेच जण विषय बदलतात. रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. पुढच्या दोन सीटना सहा मीटर आणि सगळ्या गाडीला दहा-अकरा मीटर धरा.

बसायच्या भागाला खरं चामडं आणि बाजूंना, पाठीमागे रेक्झिन, असा मिलाफ मूळ कंपन्याही करत आल्या आहेत. खर्च जवळपास निम्म्यावर येतो आणि नीट रंग जुळवला तर शेजाऱ्यालाही कळत नाही.

रंग निवडताना दारांची पॅड तशीच राहणार हे विसरू नका. आधी ती साबणाच्या फेसाने स्वच्छ धुवा, वाळू द्या, मग सावलीत, दिवसाच्या उजेडात नमुना शेजारी धरा. मळलेल्या पॅडशी जुळवलेला बेज पॅड धुतल्यावर पिवळट दिसतो. फिक्या बेजवर जीन्सचा निळा रंग चढतो. आपल्याकडे मध्यम करडा किंवा गडद तपकिरी कमी त्रास देतो.

शिवणकामात दोन गोष्टी तपासा. धागा बाँडेड पॉलिएस्टर हवा, उन्हाला नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. कापसाचा तर ओलाव्यात कुजतोच. आणि टाका ३.५ ते ४ मिलिमीटरचा. बारीक टाका नाजूक दिसतो, पण चामड्यात छिद्रांची रांग पडते आणि ते पोस्टाच्या तिकिटासारखं तिथेच फाटतं. कारागीर जुनं कव्हर उसवून त्याच्यावरून माप घेतो, तेव्हा प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक आणि दिशेचा बाण काढायला सांगा. जुना तुकडा ताणला गेलेला असतो. त्याच्याच मापाने नवा कापला तर कव्हर सैल येतं आणि सहा महिन्यांत सुरकुत्या. चांगला कारागीर बसायचा भाग किंचित लहान कापतो. कव्हर खाली ओढून धरणाऱ्या तारा आणि हॉग रिंगा, म्हणजे कव्हर अडकवायच्या तारेच्या कड्या, मूळच्या जागीच हव्यात. त्याऐवजी प्लास्टिकच्या केबल टाय वापरल्या तर उन्हात ठिसूळ होऊन सुटतात आणि बैठकीची घळ नाहीशी होऊन सीट फुगीर दिसते.

काढणं आणि बसवणं

बॅटरी काढण्याआधीच सीट पूर्ण पुढे नेऊन मागचे बोल्ट आणि पूर्ण मागे नेऊन पुढचे बोल्ट सैल करा. आधी बॅटरी काढली तर मोटरची सीट जागच्या जागी अडकते. रेडिओचा कोड हाताशी आहे ना, तेही आधी बघा; मर्सिडीजच्या जुन्या बेकर रेडिओला वीज गेली की कोड लागतो. मग किल्ली काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि १५ मिनिटं चहा प्या, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेतला विजेचा साठा उतरतो. त्यानंतरच सीटखालचे कनेक्टर काढा. सीट बाहेर असताना किल्ली फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दोष नोंदला जातो आणि तो पुसायला स्कॅनर लागतो.

मोटरची पुढची सीट २५ ते ३५ किलोची असते. हेडरेस्ट काढा, दाराच्या उंबऱ्यावर जाड चादर टाका, दोघे जण लागा. रेलची टोकं दाराच्या पॅडला ओरखडा काढल्याशिवाय राहत नाहीत, तिथे पुठ्ठा लावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर रविवारी सकाळी, लोकांची ये-जा सुरू व्हायच्या आत. सीट कारागिराकडे न्यायला छोटा हत्ती पुरतो. आत आडवी टाकू नका, उभी बांधा.

सीट बाहेर आहे तोवर कार्पेट दाबून बघा. सनरूफच्या कोपऱ्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की पाणी कार्पेटखालच्या जाड फोममध्ये साठतं, वरून कोरडं दिसतं. ओल लागली तर कार्पेट उचलून दोन दिवस पंख्याखाली सुकवा आणि नळ्या मोकळ्या करा. नव्या कव्हरला बुरशी लागते ती इथूनच.

बसवताना चारही बोल्ट आधी हाताने लावा. मग सीट पूर्ण पुढे-मागे करून दोन्ही रेल एकाच वेळी लॉक होतात का बघा. आधीच एक बाजू आवळली तर रेल तिरक्या बसतात, एक लॉक अर्धवट लागतो आणि मोटर कण्हू लागते. शेवटी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार. बोल्ट मूळचेच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातला तसाच दिसणारा बोल्ट कमी ताकदीचा असू शकतो, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं नसेल तर तो सीटसाठी नाही. सगळे कनेक्टर जोडल्यावरच बॅटरी लावा.

कागदांचं थोडक्यात: त्याच मॉडेलची मूळ सीट बसवली तर काही अडचण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकातल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करायला मनाई करतं, आणि आसनसंख्या हा त्यातला तपशील आहे. मागचा बाक काढून दोन वेगळ्या आरामखुर्च्या बसवण्याची फॅशन आहे. पाचाच्या चार सीट झाल्या की ती त्यात येते. १५ वर्षं झालेली खासगी गाडी दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावी लागतेच, तेव्हा हे समोर येतं.

काढलेली सीट भंगारवाल्याला लगेच देऊ नका. बाजूची प्लास्टिकची झाकणं, बटणं आणि त्यांच्या टोप्या, हेडरेस्टच्या नळ्यांमधल्या बाह्या, मोटरी, केबल आणि कनेक्टर वायरीसकट कापून एका खोक्यात भरून ठेवा. जुन्या गाडीच्या सीटमध्ये पुढच्या वेळी तुटणार ते यातलंच काहीतरी, आणि नेमकं तेच सुटं मिळत नाही. न फुटलेली एअरबॅग किंवा प्रीटेन्शनर त्या खोक्यात टाकू नका. घरात ठेवण्याची ती वस्तू नाही. ज्या वर्कशॉपने सीट उतरवली त्यांच्याकडूनच ती रीतसर निकामी करून घ्या.